घरच्या गॅरेजमध्ये गाडीला दाण्याशिवाय रंग कसा मारायचा

ओल्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, दाणे दिसले की पहिला राग रस्त्यावरच्या धुळीवर निघतो. माझाही तिच्यावरच निघाला होता. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडे आमच्या घराखाली १० बाय १८ फुटांचं शटरचं गॅरेज आहे, समोर मोकळा प्लॉट आहे. मे महिन्यात तिथे वडिलांच्या मारुती ८०० चं बॉनेट रंगवलं आणि सकाळी हात फिरवला, तर बोटाला लागतील इतके दाणे. क्लिअर कडक झाल्यावर एकेक दाणा वॉटर पेपरने घासून उघडा केला आणि भिंगाखाली पाहिला. बरेचसे सुती तंतू होते, माझ्याच टी-शर्टचे. काही तंतू मास्किंगला लावलेल्या वर्तमानपत्राचे होते. उरलेली पांढरी भुकटी पुट्टीची, आठवडाभर आधी घासलेली आणि छताच्या पंख्याच्या पात्यांवर जाऊन बसलेली. प्लॉटवरची लाल माती त्यात जवळजवळ नव्हतीच.

त्या दिवसापासून मी याच समजुतीवर काम करतो की रंग बिघडवणारी धूळ बहुतेक वेळा आपणच आत आणलेली असते. त्यामुळे तिचा बंदोबस्तही आपल्याच हातात आहे. पुढचं सगळं त्याबद्दल आहे. स्प्रे गन कशी फिरवायची हे त्या मानाने थोड्या दिवसांत जमतं.

आधी श्वासाचं

आजकाल गाडी रंगवताना वरचा थर मारतात तो २के, म्हणजे दोन घटकांचा, क्लिअर. त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास जाणवत नाही, त्यामुळे मास्कमधून ते आत येऊ लागलं तरी नाकाला पत्ता लागत नाही. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. एन-९५ किंवा कापडी मास्क वाफेला अडवत नाही. काडतूसवाला अर्धा मास्क ही अगदी किमान गोष्ट, आणि तोही दाढी असेल तर चेहऱ्यावर नीट बसत नाही. योग्य साधन म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क. त्याला रंगाच्या साध्या कंप्रेसरची तेलकट हवा थेट जोडायची नाही. सोबत नायट्राइलचे हातमोजे, बंद चष्मा आणि पूर्ण अंग झाकणारा सूट हवा, कारण हा पदार्थ त्वचेतून आणि डोळ्यांतूनही त्रास देतो.

हवा पुरवणारा मास्क नसेल तर माझा आग्रह आहे की २के घरी मारूच नका, आणि २के प्रायमरही त्यातच आला. पुट्टी आणि घासकाम घरी करा, प्रायमर, रंग आणि क्लिअर मात्र बूथ (रंग मारायची बंद, धूळमुक्त खोली) असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्या. मेहनतीचा मोठा भाग तरीही तुमचाच राहतो आणि पैसेही बऱ्यापैकी वाचतात. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे सुरक्षेच्या सामानाची, फिल्टरची आणि एअर लाइनच्या फिटिंगची दुकानं नाशकात शोधावी लागत नाहीत, तेव्हा साधन मिळत नाही ही सबब चालणार नाही.

दुसरा धोका आगीचा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. गॅरेजमध्ये गॅसचा गीझर, देवघराचा दिवा, इन्व्हर्टर, जुना फ्रिज यांपैकी काहीही चालू असेल तर ते आधी बंद करा किंवा बाहेर हलवा. सोसायटीच्या सामायिक पार्किंगमध्ये हे काम करू नये. वास वरच्या मजल्यांवर जातो आणि रंगाचा तुषार शेजाऱ्याच्या गाडीवर बसतो.

महिना आणि वेळ

नाशिकमध्ये रंगाचे सर्वांत चांगले दिवस म्हणजे दिवाळी उरकल्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे. हवा कोरडी असते, वारा बेताचा असतो. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या थंडीचं भान ठेवा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी पत्रा इतका गार असतो की त्यावर दव धरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असायला हवं. व्यवहारात त्याचा अर्थ असा की गाडी आदल्या रात्रीपासून बंद गॅरेजमध्ये ठेवायची, ११ नंतर गन हातात घ्यायची आणि ३-४ पर्यंत शेवटचा कोट उरकायचा. त्यानंतर गारवा उतरायला लागतो, रंग सुकायला वेळ घेतो आणि तितका वेळ धूळ धरत राहतो.

एप्रिल-मेमध्ये गणित उलटं होतं. दुपारी रंगाचा थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि हाताला खरखरीत लागतो. तेव्हा सकाळी ७ ते १० ची वेळ पकडा आणि दुकानातून उन्हाळ्याचं, म्हणजे सावकाश उडणारं थिनर मागून घ्या. कूलर लावून गॅरेज गार करायचा मोह टाळा, तो हवेत पाणी सोडतो. त्याच दिवसांत आसपासच्या गच्च्यांवर कुरडया-पापडांचं वाळवण असतं. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवा. रंगाचा तुषार वाळवणावर बसला तर ते सगळं टाकून द्यावं लागेल.

पावसाळ्यात करू नका. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की लवकर उडणाऱ्या थिनरमुळे पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग दुधाळ दिसतो. तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, ते भिंतीला लटकवा. आणखी एक आठवडा मी सोडतो तो रंगपंचमीचा. आपल्याकडे रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात, शहरभर रंग उडतो आणि ती बारीक पूड नंतरही कित्येक दिवस खिडकीच्या जाळ्यांतून झडत राहते.

संध्याकाळी दिवे लावून रंग मारू नये. दिव्यावर येणारा बारीक किडा ओल्या क्लिअरमध्ये पडला की पाय झाडत चांगली बोटभर रेघ ओढतो.

गॅरेजचं बूथ करताना

दोन दिवस आधी गॅरेज पूर्ण रिकामं करा. रिकामं म्हणजे फळीवरचे जुने डबे, सायकल, पोती, सगळं बाहेर. छतापासून खाली या, कारण आधी जमीन झाडली तर वरची धूळ पुन्हा तिच्यावरच येते. पंख्याची पाती, ट्यूबच्या पट्ट्यांची वरची बाजू, वायरिंगच्या पट्टीची वरची कड आणि शटरच्या गुंडाळीची पेटी ओल्या फडक्याने पुसा. शटरची पेटी सगळ्यांच्या नजरेतून सुटते आणि शटर वरखाली केलं की वर्षानुवर्षांची माती खाली येते. सिमेंटची जमीन भुकटी सोडत असेल तर ती धुऊन सुकू द्या.

मग प्लास्टिक. बांधकामावर वापरतात तो जाड पारदर्शक कागद छतापासून जमिनीपर्यंत लावा. छत सोडून फक्त भिंती झाकणं निरुपयोगी, दाणा वरून पडतो. पीव्हीसी पाइपची चौकट करून त्यावर कागद ताणला तर तो हवेने फडफडत नाही. फडफडणारं प्लास्टिक धूळ झटकतं. कागद रंगाच्या दिवशी लावू नका, आदल्या दिवशी लावून ओल्या फडक्याने पुसून घ्या. नव्या प्लास्टिकवर स्थिर वीज असते आणि ती धूळ ओढून घेते.

हवेच्या बाबतीत मी सर्वांत जास्त चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक जण एक्झॉस्ट फॅन लावून हवा बाहेर फेकतात. त्याने खोलीत हवेचा दाब कमी होतो, आणि शटरखालची फट, खिडकीची चीर, नळाचं भोक, जिथून वाट मिळेल तिथून बाहेरची धूळ आत ओढली जाते. शिवाय त्या पंख्याची मोटर थिनरच्या वाफेत फिरते आणि तिच्या ठिणगीने आग लागू शकते. पंखा उलटा लावा. एका बाजूने बाहेरची हवा गाळून आत ढकला. आत दाब किंचित वाढतो, फटींमधून हवा बाहेर जाते आणि धुळीची वाट बंद होते. मोटरही स्वच्छ हवेत राहते. पंख्यावर फिल्टरचं कापड लावा, पण पंख्याच्या तोंडाएवढंच लावू नका. लाकडी चौकटीची पेटी करून तिच्यावर तिप्पट-चौपट क्षेत्राचं फिल्टर ताणा. हवा संथ येते, फिल्टर लवकर तुंबत नाही. हवा बाहेर जाण्याची वाट समोरच्या टोकाला, जमिनीलगत ठेवा, कारण जड वाफ तिथेच साचते. आमच्याकडे शटर अर्धा फूट वर ठेवून त्या फटीत फिल्टर बसवलं आहे. बाहेर जाणाऱ्या रंगाच्या तुषारांनाही ते धरतं.

वेग किती? धागा लटकवून पाहा. तो हलका तिरका व्हावा, फडकू नये.

उजेडासाठी एलईडी ट्यूब वरती असतातच, पण खऱ्या उपयोगाच्या त्या दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर उभ्या लावलेल्या, प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला. ओला रंग कुठे पोचला आणि कुठे कोरडा राहिला ते त्यांच्या प्रतिबिंबातूनच दिसतं.

नळीतलं पाणी

कंप्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते आणि पुढे गार झाली की तिच्यातलं बाष्प पाणी बनतं. बाजारातला पाण्याचा सापळा लोक कंप्रेसरच्या तोंडालाच लावतात. तिथे हवा अजून गरम असते, बाष्प वायूरूपातच सापळ्यातून निघून जातं आणि गनच्या जवळ येऊन थेंब होतं. मध्ये ८-१० मीटर पाइप जाऊ द्या, त्याचं वेटोळं पाण्याच्या बादलीत ठेवलं तर आणखी चांगलं, आणि सापळा त्यानंतर लावा. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडून पाणी काढा. जुनी रबरी नळी आतून झडते. ती वापरत असाल तर बदला.

२ एचपीचा कंप्रेसर एकेका पॅनेलपुरता पुरतो, तोही कमी हवेवर चालणाऱ्या गनसोबत. पूर्ण गाडी एका दमात मारायची असेल तर ३ एचपी आणि मोठी टाकी हवी. मधेच दाब पडला की रंग जाड थेंबांत उतरतो. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी पूर्ण गाडीच्या नादी लागू नका. बॉनेट, दार, डिकीचं झाकण काढून स्टँडवर रंगवा. मेटॅलिक असेल तर दार उभंच आणि बॉनेट आडवंच ठेवा. चांदीचे कण कसे बसतात यावर छटा बदलते.

पत्रा तयार करणं

पहिलं काम धुणं. भांड्यांच्या लिक्विड साबणाने मेण आणि चिकटपणा निघतो. चाकांच्या कमानी, काचेखालची जाळी, दारांच्या कडा आणि रबराखालचे खोबण नळीने धुऊन काढा. कडुलिंबाची पानं आणि माती तिथे दाबून बसलेली असते. गनची हवा तिथे लागली की ती बरोबर ओल्या रंगावर उडते. पूर्ण गाडी रंगवताना दिसणारे दाणे अनेकदा या फटींतूनच आलेले असतात.

बोअरचं पाणी जड असेल तर सुकल्यावर पांढरे डाग राहतात आणि तेच क्षार पुढे रंगाखाली फुगवटे आणू शकतात. शेवटचं धुणं नळाच्या पाण्याने करा.

घासण्याआधी मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मेणावरून पॉलिश पेपर फिरवला तर ते चऱ्यांमध्ये दाबलं जातं. पुट्टी ८० नंबरच्या पेपरने घासून सपाट करा, मग १८०, मग ३२०. कायम कोरडी घासा, पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते. २के प्रायमरचे दोन-तीन कोट झाले की काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारा आणि ठोकळ्यावर कागद लावून ६००-८०० ने ओलं घासा. जिथे काळं राहिलं तो खड्डा, जिथे झटकन निघालं तो उंचवटा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खाचा रंगानंतर दिसतात. प्लास्टिकच्या बंपरला त्याचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

हे घासकाम शक्यतो गॅरेजबाहेर, अंगणात करा. आतच करावं लागलं तर प्लास्टिक लावण्याआधी उरका.

सिलिकॉन आणि मास्किंग

एकदा सगळं स्वच्छ असूनही बेसकोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) मारताच वाटाण्याएवढे गोल खळगे उघडले. कारण सापडायला दोन दिवस लागले. आदल्या आठवड्यात त्याच गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीच्या डॅशबोर्डला चकाकीचा स्प्रे मारला होता. त्यात सिलिकॉन असतं, ते हवेतून भिंतींवर आणि पत्र्यावर बसतं आणि रंग त्याच्यापासून दूर सरकतो. तेव्हापासून टायर पॉलिश, डॅशबोर्ड स्प्रे, दाराच्या बिजागरीचं स्प्रे-तेल, काहीही गॅरेजच्या आसपास फिरकू देत नाही. डोक्याला तेल लावून कामाला येऊ नका आणि घासून झालेल्या पत्र्याला उघडा हात लावू नका.

द्रावणाने पुसायला दोन फडकी लागतात. एका ओल्याने लावायचं, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. सुकू दिलं तर मेण पुन्हा तिथेच बसतं.

मास्किंगला वर्तमानपत्र नको. ते तंतू सोडतं आणि थिनर त्यातून आरपार जातं. मास्किंग पेपर किंवा फिल्म घ्या. बॉनेट आणि दारांच्या फटी आतून टेपने बंद करा, म्हणजे त्यांतली धूळ आतच राहील.

गन हातात घेण्याआधीचा तास

गाडी आत नसेल तर घ्या, प्लास्टिक बंद करा, फटींमध्ये हवा मारा, मग पंखा चालू करून अर्धा तास बाहेर थांबा. उडालेलं खाली बसू द्या. पत्र्याच्या उघड्या भागापासून एक वायर अर्थिंगला जोडा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पुसून पुसून पत्र्यावर आणि विशेषतः प्लास्टिकवर स्थिर वीज साचते. बंपर कोरड्या कापडाने घासू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसा.

जमिनीवर पाणी शिंपडा, फक्त ओलसर होण्याइतकं. डबकं झालं तर खालच्या पॅनेलवर गनच्या हवेने तुषार उडतात. विजेच्या वायरी आधी उचलून बांधा.

सूट चढवल्यावर अंगावर हवा मारून घ्या, गॅरेजच्या बाहेर. डोक्याला टोपी, पायाला धुतलेल्या चपला. रंगाच्या डब्याची कड पुसल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि रंग कागदी गाळणीतूनच गनमध्ये घाला. शेवटी चिकट कापड, म्हणजे टॅक क्लॉथ, पूर्ण उलगडून सैल धरा आणि पत्र्यावरून नुसतं तरंगत न्या. दाबलं तर त्याचा राळेसारखा चिकटपणा पत्र्यावर उतरतो.

रंग आणि क्लिअर

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बहुधा दाराच्या खांबावर किंवा इंजिनच्या कप्प्यात. मूळ रंगच बदलणार असाल तर आरटीओकडून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, ते आधी बघा.

प्रायमरला १.६ ते १.८ मिलिमीटरचं नोझल, बेस आणि क्लिअरला १.३ किंवा १.४. ट्रिगर दाबलेला असताना दाब साधारण २ बार. आधी पुठ्ठ्यावर मारून फवारा पंख्यासारखा, सगळीकडे सारखा उघडतो का ते पाहा. अंतर एक वीत, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटर. मनगट न वळवता संपूर्ण हात सरळ न्या, कडेच्या अलीकडे ट्रिगर दाबा, पलीकडे सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यायला हवा. नळी खांद्यावरून मागे टाका, ती ओल्या रंगाला लागते.

बेसचे पातळ दोन-तीन कोट. प्रत्येक कोट पूर्ण निस्तेज दिसेपर्यंत थांबा. घाई केली तर आत अडकलेलं थिनर नंतर क्लिअरमधून बुडबुड्यांच्या रूपाने वर येतं. मेटॅलिकचा शेवटचा कोट जरा लांबून, कमी दाबाने मारा, म्हणजे ढगाळ पट्टे येत नाहीत.

क्लिअरमध्ये हार्डनर डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, मोजमापाच्या कपात. अंदाजाने नाही. पहिला कोट मध्यम, १० मिनिटं थांबा, मास्किंग टेपवरच्या क्लिअरला बोट लावून पाहा, चिकट लागलं पण तार आली नाही की दुसरा कोट भरून मारा. बाजूच्या ट्यूबचं प्रतिबिंब ओलं आणि अखंड दिसलं पाहिजे. खरखरीत दिसलं तर हात सावकाश करा, ओघळ येतोय वाटलं तर पुढे सरका.

मग बाहेर या. मास्क तोंडावरच ठेवून गन मोकळ्या हवेत धुवा, पंखा आणखी तासभर चालू ठेवा आणि शटरला हात लावू नका. धुतलेलं थिनर गटारात ओतायचं नाही. आपली गटारं नाल्याला मिळतात आणि नाले गोदावरीला. बरणीत भरून ठेवा, गाळ खाली बसतो आणि वरचं थिनर पुढच्या वेळी गन धुवायला चालतं.

तरीही दाणा पडला तर

ओल्या रंगात बोट घालू नका. चिमट्याने काढायला गेलं तर दाण्याच्या जागी खड्डा पडतो, आणि खड्डा बुजवणं दाणा घासण्यापेक्षा अवघड आहे. क्लिअर कडक होऊ द्या. २५ अंशांच्या आसपास २४ तास, थंडीत दोन-तीन दिवस. नखाने दाबून खूण उठत नसेल तर २००० चा वॉटर पेपर छोट्या ठोकळ्यावर लावून, साबणाच्या पाण्यात, फक्त दाण्याच्या डोक्यावर फिरवा. मग ३००० आणि शेवटी रबिंग कंपाउंड. दोन कोटांचा क्लिअर साधारण ५०-६० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसापेक्षाही कमी जाड. म्हणून दर चार-पाच फेऱ्यांनी पुसून बघायचं. कडांवर टेप लावून ठेवा, बफिंगचं चाक तिथे क्षणात बेसपर्यंत पोचतं.

पहिला आठवडा गाडी उन्हात झाकून ठेवू नका, कव्हरखाली वाफ कोंडते. कबुतरांची विष्ठा पडली तर लगेच साध्या पाण्याने धुवा. मेणाचं पॉलिश निदान महिनाभर लांब ठेवा, क्लिअरमधलं उरलेलं थिनर तोवर निघून जायचं असतं.